जुन्या डेअरीच्या गोठ्यातलं सांस्कृतिक केंद्र: दिवाळीपासून वापरतोय, त्याचा अनुभव

तालुक्याच्या गावाबाहेर जी बंद पडलेली खाजगी डेअरी होती तिथे आता सांस्कृतिक केंद्र झालंय आणि आमचा बायकांचा अहिराणी गाण्यांचा ग्रुप दिवाळीपासून तिथेच सराव करतो, म्हणून लिहितेय. मला सगळ्यात आवडलं ते हे की गोठा गोठाच ठेवलाय, पीओपी नाही का एसी नाही. लांब बाजू पूर्व-पश्चिम आहे त्यामुळे ऊन आत येत नाही, आणि वर माथ्याला गरम हवा निघून जायला फट सोडलेली. गुरांसाठी केलेली सोय आहे ही, पण आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात पारा ४३ च्या वर होता तरी आम्ही भरदुपारी तिथे बसून झोक्याची गाणी म्हटली.

फरशी मात्र आधी बघून घ्या. गोठ्याची जमीन नालीकडे उतरती असते आणि गुरं घसरू नयेत म्हणून खाचा असतात, त्या अजून तशाच आहेत. पेटी डुगडुगते, खाली पुठ्ठा लावावा लागतो, आणि फुगडीला पायाला खाचा लागतात म्हणून फुगडी आम्ही बाहेर निंबाखाली घेतो. आवाज पण आधी इतका घुमायचा की शब्दच कळत नव्हते, मग आमच्यातल्या एका मावशींनी मागच्या भिंतीला जुन्या गोधड्या टांगायला लावल्या, लगेच फरक पडला. जोराचा पाऊस आला की मात्र पत्र्याखाली काहीच ऐकू येत नाही, तेव्हा सरळ चिलिंगच्या, म्हणजे पूर्वी दूध थंड करायच्या खोलीत जायचं, तिथल्या भिंती जाड आहेत.

३ डिसेंबरला कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या पुण्यतिथीला तर त्यांच्या लेवा गणबोलीत गाणाऱ्या आणि आम्ही अहिराणीवाल्या एकाच गव्हाणीच्या कट्ट्यावर बसून गायलो, फार छान वाटलं.

एक गोष्ट खटकते. दुधाचे कॅन, फॅट काढायचं मशीन सगळं कोपऱ्यात पडून आहे, एक पाटी नाही. तिथे पूर्वी काम केलेले एक बाबा कधीमधी येतात, त्यांनी पोरांना दूध तपासायचा लॅक्टोमीटर दुधात सोडून दाखवला, चांगलं दूध असलं की आकडा २८ ते ३२ च्या दरम्यान राहतो आणि पाणी टाकलं की खाली येतो, पोरं डोळे फाडून बघत होती! हे दर रविवारी झालं पाहिजे, बाबा आहेत तोवर तरी.

आणि हो, श्रावणात कानबाईच्या सणाआधी हॉल मिळत नाही, आषाढातच सांगून ठेवा.