स्टीअरिंग डँपर, आठ महिन्यांनंतर: थरथर गेली, पण त्याच्यामुळे नाही

गाडी जुनी, पाट्यांच्या स्प्रिंगची, पुढेही अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) असलेली फोर बाय फोर. 55-60 च्या वेगात खड्डा लागला की पुढची चाकं अशी फडफडायची की स्टीअरिंग हातात धरवत नसे. वेग पार उतरवल्याशिवाय थांबायचं नाव नाही. ताम्हिणीत मागे एसटी असताना हे झालं आणि दुसऱ्या दिवशी गॅरेज गाठलं. "साहेब, डँपर टाका, थरथर गेलीच समजा." टाकला.

गेली खरी. दीड महिना. मग परत आली, आधीपेक्षा जोरात.

डँपर म्हणजे टाय रॉड (दोन्ही पुढची चाकं एकमेकांना जोडणारा दांडा) आणि अ‍ॅक्सलच्या मधे आडवा बसवलेला शॉकअपच. तो झटका खातो, झिजलेला सांधा घट्ट करत नाही. दीड महिना त्याने दुखणं झाकलं आणि आत झीज वाढत राहिली.

मग मीच शोधायला बसलो. पुढचे टायर मागे, मागचे पुढे करून पाहिले, फरक शून्य. भाच्याला स्टीअरिंगवर बसवलं. चाकं जमिनीवरच. तो डावीकडे-उजवीकडे थोडं थोडं हलवतोय आणि मी खाली आडवा पडून एकेका सांध्यावर हात ठेवतोय. डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना कळतं: ड्रॅग लिंकच्या (स्टीअरिंगची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) एका टोकाला स्पष्ट 'टक'. ही तपासणी जॅकवर करू नका. चाकांवर भार नसला की ढिला सांधाही गप्प बसतो.

जॅक त्यानंतर. चाक वरून-खालून धरून हलवलं तर खडखड. भाच्याने ब्रेक दाबून धरला, तरी तशीच. थांबली असती तर व्हील बेअरिंग. थांबली नाही, म्हणजे किंगपिन, ज्या खुंटीवर चाक डावी-उजवीकडे वळतं ती. शिम (सांधा घट्ट-सैल करणाऱ्या पातळ चकत्या) काढून भागेल वाटलं होतं, पण उघडल्यावर बेअरिंगला खड्डे पडलेले. बदलली.

तरी वळण संपल्यावर स्टीअरिंग आपणहून सरळ येईना. ही माझीच करणी. उंची वाढवायच्या हौसेने लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला टांगणाऱ्या पट्ट्या) टाकले होते. माझ्या गाडीत ते पाट्याच्या पुढच्या टोकाला आहेत; लांब झाले की ते टोक खाली जातं, अ‍ॅक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, ज्याने स्टीअरिंग आपणहून सरळ येतं, तो घटतो. सायकलचा चिमटा उभा सरळ केला तर हात सोडून चालवता येईल का? पाचर घालूनही कोन साधतो, पण मी मूळ मापाचे शॅकल परत लावले. उंची बोटभर कमी झाली, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

नंतर महिनाभर डँपर काढून चालवली. त्याच खड्ड्यांवरून, त्याच वेगात. थरथर नाही.

तरी तो परत बसवलाय. ओढ्याच्या दगडगोट्यांत चाक अडकलं की स्टीअरिंग अंगठा मोडेल असं फिरतं. तिथे फरक जाणवतो. पावसाळ्यानंतर मात्र सीलपाशी तेल ओघळायला लागलंय. या किमतीत एवढं चालेल, पण पुढचा घेताना रबरी बूट (दांड्यावरचं धूळ-चिखल अडवणारं आवरण) असलेला बघणार.