एलेफंक आधी ऐकायचा की मंकी बिझनेस?

ब्लॅक आइड पीज हा अमेरिकी ग्रुप म्हटला की बहुतेकांना 'आय गॉट अ फीलिंग' आठवतं, जे हल्ली लग्नाच्या संगीतातसुद्धा वाजतं, पण ते 2009 चं. त्याच्या आधीचा त्यांचा एखादा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा असेल तर गाडी हमखास दोनच नावांवर येऊन थांबते, 2003 चा एलेफंक आणि 2005 चा मंकी बिझनेस. माझं मत आधीच सांगून टाकते, एकच ऐकणार असाल तर एलेफंक. पण काही जणांनी मंकी बिझनेसपासूनच सुरुवात करावी असंही मला मनापासून वाटतं, ते पुढे येईलच.

थोडं मागचं सांगायला हवं. हा लॉस एंजेलिसचा ग्रुप. 1998 आणि 2000 साली त्यांचे दोन अल्बम आले तेव्हा विल.आय.ॲम, ॲपल-डी-ॲप आणि टाबू असे तिघं रॅपर होते, आणि काम अगदी अस्सल हिपहॉपचं. जाणकारांना आवडलं पण घराघरात पोचलं नाही. मग तिसऱ्या अल्बमला फर्गी ही गायिका आली, गाणारा आवाज मिळाला, आणि कोरस असे झाले की एकदा कानावर पडले की दिवसभर डोक्यात घुमत राहतात. एलेफंक म्हणजे हिपहॉपमधून पॉपमध्ये पाऊल टाकतानाचा अल्बम, मंकी बिझनेस म्हणजे पॉपमध्ये घर थाटून झाल्यावरचा. माझ्यासाठी सगळा फरक इथेच आहे.

'व्हेअर इज द लव्ह' घ्या. कोरस जस्टिन टिम्बरलेक या पॉप गायकाचा, इतका गोड की लहान पोरंही गुणगुणतात, ब्रिटनमध्ये सहा आठवडे एक नंबरवर होतं आणि अमेरिकेत टॉप टेनमध्ये. पण कडव्यांकडे नीट लक्ष द्या. तिथे दहशतवाद आहे, सीआयए ही अमेरिकेची गुप्तहेर संस्था आहे, लॉस एंजेलिसच्या टोळ्या आहेत, कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची संघटना आहे, आणि हे सगळं 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्याला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, रेडिओवर, भर दुपारी. म्हणजे कोरस दार उघडतो आणि रॅप आत शिरतो. एलेफंकच्या बऱ्याच गाण्यांत हेच होतं, चाल पॉपची असली तरी गाणं ओढून नेतात ते रॅपरच. मधेच ब्राझिलचा संगीतकार सर्जिओ मेंडिसबरोबरचं ब्राझिली वळणाचं 'सेक्सी' येतं, मधेच पापा रोच या बँडबरोबरचं रॉक येतं, तरी हे वेगवेगळ्या अल्बममधलं उचलून आणलंय असं वाटत नाही.

मंकी बिझनेसमध्ये ओढणारे बाहेरचे आहेत. 'पंप इट'मध्ये गिटारवादक डिक डेलच्या 'मिसिरलू'ची गिटार आहे आणि खरं सांगायचं तर निम्मं गाणं तिच्यावरच चालतं. पाहुणे गायक म्हणून जेम्स ब्राउन आहे, स्टिंग आहे, जॅक जॉन्सन आहे. ऐकायला मजा येते, मी नाही म्हणत नाही, पण तासाभराने हा ग्रुप स्वतः काय सांगत होता ते आठवायला बसावं लागतं. आणि 'माय हम्प्स' मला अजिबात झेपत नाही, एकच गोष्ट घोळवत बसलंय. त्याला ग्रॅमी हा अमेरिकेतला संगीताचा मोठा पुरस्कार मिळाला तरी माझं मत तेच. अपवाद 'लाइक दॅट'चा, त्यात क्यू-टिप आणि तालिब क्वेली हे रॅपर आहेत आणि तिथे रॅप ऐकायचं समाधान पुरेपूर मिळतं.

आता आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं. तुम्ही हिंदी गाण्यांवर वाढला असाल आणि हिपहॉप अजून परकं वाटत असेल तर मंकी बिझनेसचं दुसरं गाणं लावा, 'डोन्ट फंक विथ माय हार्ट'. मी ते घरी लावलं तेव्हा आई डाळ-तांदूळ धुऊन कुकर लावत होती, शिटी बसवता बसवता हात थांबला आणि म्हणाली, अगं हे 'ये मेरा दिल' आहे! बरोब्बर. 1978 च्या 'डॉन'मधलं ते आणि 1972 च्या 'अपराध'मधलं 'ऐ नौजवान', दोन्ही आपल्या सांगलीच्या आशाताईंची, दोन्हीला संगीत कल्याणजी-आनंदजींचं, आणि या गाण्याचा पायाच त्या दोन गाण्यांवर रचलाय. वर लिसा लिसा या अमेरिकी गायिकेच्या 1985 च्या गाण्यातली ओळ. त्या वर्षीचं ग्रुपसाठीचं रॅपचं ग्रॅमी याच गाण्याला गेलं. आईने त्यानंतर आख्खं रॅप उभ्याने ऐकलं, आधी कधीच ऐकलं नव्हतं. ओळखीची चाल असली की कान लगेच तयार होतो, म्हणून अशा माणसाला मी एलेफंक आधी देणारच नाही.

बाकीच्यांनी मात्र एक जोडी समोरासमोर ठेवून ऐकावी, कारण दोन्ही अल्बममध्ये ॲपल-डी-ॲपने आपल्या फिलिपिन्सबद्दल एकेक गाणं केलंय. तो तिथल्या सापांग बातो गावचा, लहान वयात अमेरिकेत दत्तक गेलेला. मंकी बिझनेसमधलं 'बेबोट' पूर्ण टागालोग या तिथल्या भाषेत आहे, गावाचं नाव घेतो, आईला हातभार लावायला लॉस एंजेलिसला कामाला गेलो म्हणतो, आणि चाल अशी की पाय थांबत नाहीत. अमेरिकेत दोन नंबरला पोचलेल्या अल्बममध्ये असं गाणं ठेवणं ही हिंमतच आहे आणि त्याचे पूर्ण मार्क मंकी बिझनेसला. एलेफंकमधलं 'द ॲपल साँग' संथ आहे. कोरस असिन या फिलिपिनो बँडच्या जुन्या गाण्यातला, आणि कडव्यात तो ऐकणाऱ्याला विचारतो की जेवण स्वतः पकडून आणावं लागलं, राहायला झोपडी स्वतः बांधावी लागली, पाणी जमिनीतून पंपाने उपसावं लागलं तर तुला कसं वाटेल. गावाकडे सकाळी हापशावर हंडा लावून ज्यांनी दांडा मारलाय त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. मला तर तिथे दरवेळी गलबलून येतं. दोन्ही आवडतात, पण परत परत लावते ते हेच.

आकडे बघून ठरवत असाल तर मंकी बिझनेस पुढे आहे, एलेफंक अमेरिकेत चौदाच्या वर गेलाच नाही. मी आकड्यांवर ठरवणार नाही.

एलेफंकची सीडी जुन्या बाजारात घेत असाल तर मागची यादी वाचून घ्या. पहिल्या छपाईत तिसऱ्या गाण्याच्या नावात मतिमंद मुलांना हिणवणारा शब्द आहे, 2004 मध्ये बास्केटबॉलच्या जाहिरातीसाठी ते 'लेट्स गेट इट स्टार्टेड' असं बदलून गायलं आणि नंतरच्या आवृत्त्यांत तेच आलं. घरात मुलं असतील तर नंतरचीच घ्या, ठेका तोच आहे, काही कमी होत नाही.