पाळी की मागणी? ऑप्टिकल स्टारवर टीडीएमए आणि रिझर्व्हेशन

मिळून गणित करणारे १६ नोड (संगणक), मध्ये एक पॅसिव्ह स्टार कपलर (कोणाकडूनही आलेला प्रकाश सगळ्यांना वाटून देणारा जोड), प्रत्येक रिसीव्हरला स्वतःची तरंगलांबी. इथपर्यंत सहसा वाद होत नाही. वाद पुढे सुरू होतो: प्रत्येकाला पाळी ठरवून द्यायची (टीडीएमए), की ज्याला पाठवायचंय त्याने आधी मागणी नोंदवायची (रिझर्व्हेशन)? मी दोन्ही चालवून पाहिलंय. टोकनच्या (ज्याच्या हाती टोकन, त्यानेच पाठवायचं) वाटेला फारसा गेलो नाही. स्टारपर्यंत २० मीटर आणि तिथून पुढे २० मीटर एवढ्या प्रवासात नुसतं टोकन हातात पडायलाच २०० नॅनोसेकंद जातात. १० गिगाबिटला ६४ बाइटचं पॅकेट ५१ नॅनोसेकंदांत पाठवूनही होतं.

सरासरी उशीर बघाल तर रिझर्व्हेशन बरं वाटेल. नेटवर्क शांत असलं की मागणी स्टारवरून परत येईपर्यंतचे २०० नॅनोसेकंद, आणि निघालं पॅकेट. टीडीएमएत हवा तो स्लॉट (पाळीचा वेळ) नुकताच निसटला असेल तर इतर नोडांचे मधले १४ जाईपर्यंत थांबा, सगळे रिकामे गेले तरी. एकाच नोडकडे मोठं मॅट्रिक्स पाठवायचं असेल तर त्या तरंगलांबीचा पंधरावा हिस्साच मिळतो. हे खटकतं, नाकारत नाही.

पण मला छळलं ते बॅरिअरने, म्हणजे सगळे नोड पोचल्याशिवाय कोणीच पुढे जायचं नाही अशा टप्प्याने. गणित उरकून सगळे नोड जवळजवळ एकाच क्षणी निरोप पाठवायला उठतात, म्हणजे कंट्रोल चॅनेलवर (मागण्या नोंदवायची वेगळी वाट) सगळ्यांच्या मागण्या एकदम. आमचं कंट्रोल चॅनेल स्लॉटेड अलोहावर होतं: ज्याने त्याने न विचारता पुढचा स्लॉट पकडायचा, आदळलं तर थोड्या वेळाने पुन्हा पाठवायचं. त्याची मजल जास्तीत जास्त ३७ टक्के, तीही मागण्या विखरून आल्या तर. इथे त्या घोळक्याने यायच्या, एकमेकींवर आदळायच्या, पुन्हा यायच्या. शेवटच्या नोडची मागणी लागेपर्यंत बाकीचे पंधरा ताटकळत. आणि तो शेवटचा दर वेळी वेगळा! ट्रेस (कोणी केव्हा पाठवलं त्याची नोंद) काढून बसलं की कालचा गुन्हेगार आज सर्वांत पुढे. अखेर वैतागून कंट्रोल चॅनेलचेच बारके स्लॉट पाडून वाटून दिले. दिले आणि लक्षात आलं, हा तर मागच्या दाराने आलेला टीडीएमएच.

टीडीएमएनेही रडवलं नाही असं नाही. एका नोडला चुकून ३ मीटर जास्त लांबीची पॅचकॉर्ड (जोडायची फायबर) लागली. त्याची पॅकेटं १५ नॅनोसेकंद उशिरा स्टारला पोचू लागली आणि दोन पॅकेटांमधली फट होती १२ची. मागून येणाऱ्या पॅकेटच्या सुरुवातीचे बिट खराब व्हायचे. दोन दिवस आम्ही लेझरला शिव्या घातल्या. पण चूक दर फेरीत त्याच नोडची, त्याच स्लॉटमागे, म्हणून सापडली तरी. आता सिस्टिम चालू करतानाच प्रत्येक फायबरचा उशीर मोजतो आणि पाठवायची वेळ तेवढी मागेपुढे करतो.

नोड शेकड्यांनी असतील, किंवा बहुतेक ट्रॅफिक एकाच दिशेने स्टोरेजकडे जात असेल, तर माझ्या मताला फार वजन देऊ नका. तिथे रिझर्व्हेशनच परवडेल असं वाटतं. छोटे निरोप आणि वरचेवर बॅरिअर असं काम असेल तर मात्र मी टीडीएमए लावेन, रिकाम्या स्लॉटांकडे थोडा काणाडोळा करून.