टॅकोग्राफ म्हणून गळ्यात मारलेला डबा : मिनीबसवर वापरून झाल्यानंतर

गणपतीच्या सीझनआधी बसवला, शिमग्याच्या गाड्या झाल्या, आता मे महिन्याचं बुकिंग चालूय आणि कंपनीकडून रिन्यूअलसाठी रोज फोन येतायत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. गाडी मिनीबस. आठवडाभर अंधेरी एमआयडीसीची स्टाफ ड्युटी, सणाला आणि सुट्ट्यांना बोरिवली-दादर-सावंतवाडी. एआयएस-१४० या सरकारी नियमाचा लोकेशनवाला डबा आणि ती लाल पॅनिक बटणं यावर काही लिहीत नाही, २०१९ पासून भाड्याच्या नव्या पॅसेंजर गाड्यांना ते लागतंच, विषय संपला. हा दुसरा डबा मी स्वतःच्या पैशाने घेतलाय. ड्रायव्हरने कार्ड लावायचं, कोणी किती तास चालवली ते मला मोबाइलवर दिसणार, सलग साडेचार तास झाले की बझर. विकणारा म्हणाला डिजिटल टॅकोग्राफ (चालवण्याचे आणि आरामाचे तास नोंदवणारं यंत्र) आहे साहेब, युरोपात कंपल्सरी आहे.

आता खरी बोंब ऐका. हा डबा इग्निशनवर चालतो. चावी ऑन म्हणजे ड्रायव्हिंग, चावी ऑफ म्हणजे आराम, एवढीच त्याची अक्कल. रात्री गाडी महाडच्या अलीकडे जेवायला थांबते, तात्या (आमचे ड्रायव्हर, वयाने माझ्यापेक्षा मोठे) उतरून हातपाय धुऊन निवांत जेवतात, पण एसी बंद केला तर आत बसलेली म्हातारी माणसं आणि पोरं गाडी डोक्यावर घेतात, त्यामुळे इंजिन चालूच. डब्याच्या लेखी तात्या तेव्हाही गाडी चालवतायत! ते इकडे सोलकढी पितायत आणि मला घरी रात्री साडेबाराला मेसेज, सलग ड्रायव्हिंगची मर्यादा ओलांडली. तिकडे रिकाम्या सीटसमोर बझर कोकलतोय आणि क्लीनर त्यावर फडकं दाबून बसलाय. आवाज कमी करायची सोय नाही. बायको म्हणाली एक तर तो मोबाइल बंद करा नाहीतर ट्रॅव्हल्स बंद करा.

माझा मावसभाऊ पोलंडमध्ये ट्रेलर चालवतो, त्याला फोटो पाठवला तर तो हसायलाच लागला. त्याच्याकडचा टॅकोग्राफ कारटेपच्या आकाराचा, दोन कार्डांच्या खाचा, एक चालवणाऱ्याची आणि एक जोडीदाराची, आणि आतून छोटा कागदाचा रोल निघतो, पोलिसाने अडवलं की प्रिंट काढून हातात. आधी तिकडे मेणाचा थर दिलेल्या गोल कागदी चकत्या असायच्या, सुई त्यावर रेघा ओढायची, मग १ मे २००६ पासून नव्या मोठ्या ट्रक-बसना डिजिटल आला. मुद्दा काय, तर त्याचा सेन्सर गिअरबॉक्सवर बसतो, सीलबंद. चाक फिरलं तर ड्रायव्हिंग. चावीशी घेणंदेणं नाही. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं ब्रेक घ्यायचाच, हवं तर आधी १५ आणि नंतर ३० असे तुकडे करा, दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १०. आणि गाडी थांबली म्हणून तो आपोआप आराम लिहीत नाही, 'इतर काम' लिहितो, आराम हवा असेल तर ड्रायव्हरने बटण दाबून पलंगाचं चिन्ह आणायचं. सेन्सरला लोहचुंबक लावून फसवणारे तिकडेही आहेत म्हणा, म्हणून २०१९ पासूनच्या नव्या मॉडेलमध्ये उपग्रहावरून पण ताळा बघतात.

आपल्याकडे टॅकोग्राफची सक्ती नाही, पण तासांचं बंधन काही आत्ताचं नाही हां. १९६१ च्या मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्यात (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास लिहिले होते, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आणि लांबचा रूट किंवा सणासुदीला परवानगी घेऊन फार तर १० आणि ५४. म्हणजे गणपतीचा विचार ६१ साली पण केला होता कोणीतरी. दादर ते सावंतवाडी एका ड्रायव्हरवर या हिशेबात बसतं का ते लायनीतल्या प्रत्येकाने मनातल्या मनात बघावं.

हेल्पलाइनचं काय सांगू. गाडी बंद करून चालू करा. फोटो पाठवा. दुसऱ्या अँगलने पाठवा. माणूस आज येतो, उद्या येतो. शेवटी मी वैतागून आमच्या वायरमनला म्हटलं इग्निशनची वायरच काप, तर तो म्हणे वॉरंटी जाईल शेठ. मग एकदाचा एक पोरगा जोगेश्वरीला पार्किंगमध्ये आला, लॅपटॉप जोडला, काहीतरी टिकटिक केलं आणि इग्निशनऐवजी जीपीएसच्या स्पीडवर सेटिंग करून दिलं. चहा गार व्हायच्या आत काम झालं! म्हणजे हे सेटिंग पहिल्यापासून आत होतं आणि महिनोन्महिने माझी झोप उडवली. वर व्हिजिट चार्ज मागितला. दिला नाही. अजून बिलावर थकबाकी म्हणून दाखवतायत, दाखवू देत.

इथपर्यंतचं वाचून 'डबा घेऊ नका' असंच म्हणाल, मी पण तेव्हा हेच लिहिणार होतो. पण सेटिंग बदलल्यावर डबा बऱ्यापैकी वागायला लागला. एका लग्नाच्या पार्टीने जादा तासांचे पैसे द्यायला नकार दिला, म्हणे गाडी आठलाच सोडली होती. रिपोर्ट काढून व्हॉट्सॲपवर टाकला, हॉलच्या गेटवर कधीपर्यंत उभी, कधी हलली, सगळं मिनिटाबरोबर. तिथेच गप्प, संध्याकाळी पैसे आले. त्या एका भाड्यात वर्षाच्या रिचार्जचा निम्मा खर्च सुटला, तेव्हापासून डब्याबद्दल मत जरा मऊ झालंय.

दुसरी गोष्ट मी धरली नव्हती. घेतला मी, वापरतायत तात्या. होळीच्या आधी सरळ मोबाइल पुढे धरून म्हणाले, शेठ हे बघा, या आठवड्यात किती झालेत, सावंतवाडीला बदली ड्रायव्हर द्या नाहीतर मला मोकळं करा. वर्षानुवर्षं ते हेच तोंडी सांगत होते आणि मी सीझन आहे तात्या, सांभाळून घ्या म्हणत होतो, आता माझ्याच पैशाने घेतलेला कागद माझ्याच पुढे. बदली दिला. त्याचा पगार, भत्ता, जेवण, सगळा हिशेब भाड्यात चढवला, सीटमागे थोडं वाढलं, एकाही पॅसेंजरने विचारलं नाही.

पण बदली आल्यावर कार्डाची गंमत उघडी पडली. स्टिअरिंगखाली तो काळा रीडर डबल टेपने चिकटवलाय, उन्हाने टेप सुटते, मग रबरबँड. आणि दोघांची कार्डं एकाच रिंगमध्ये, मधे महालक्ष्मीचं किचेन. जे आधी हाताला लागेल ते लावायचं. कशेडीपर्यंत गाडी बदलीने चालवली आणि रिपोर्टमध्ये तात्या. मावसभावाकडे कार्ड ज्याच्या त्याच्या नावाचं, माणशी एकच, दुसऱ्याचं लावलं की जबर दंड. इथे कार्ड हरवलं तर चारशे रुपयांत कुरिअरने नवीन, वर कोणतंही नाव टाका.

आणि ते नवीन सेटिंग? त्याने उलटा घोळ केलाय. गाडी अगदी हळू असली की डबा तिला थांबलेली धरतो. माणगावला सुट्टीच्या दिवशी कसं असतं माहितीय ना, फर्स्ट गिअर, क्लच, ब्रेक, पुन्हा क्लच, असे दोन-दोन तास. पायाचे तुकडे पडतात. रिपोर्टमध्ये तो सगळा वेळ आराम! तिथून पुढे साडेचार तासांचं घड्याळ शून्यावरून. म्हणजे आधी जेवण ड्रायव्हिंग होतं, आता ट्रॅफिक म्हणजे विश्रांती, आणि मला विचाराल तर हे आधीपेक्षा वाईट, कारण दमलेल्या माणसाला मशीन सांगतंय की तू ताजा आहेस. युरोपवाल्यांनी यावर मिनिटामिनिटाचा नियम केलाय, एका मिनिटात जे काम सलग जास्त वेळ झालं ते मिनिट त्याच्या नावावर, आणि आरामाचं बटण वेगळं. आमच्याकडे ते एक बटण नाही. पॅनिकची इतकी बटणं गाडीभर आहेत की पोरं येताजाता दाबतात, पण ड्रायव्हरला मी आता खरंच आडवा पडलोय हे सांगायला एक नाही.

सेल्सवाल्याला हे फोनवर सांगितलं तर म्हणाला पुढच्या व्हर्जनमध्ये येईल सर, तोपर्यंत दोन वर्षांचं रिन्यूअल केलं तर डिस्काउंट. मी सहा महिन्यांचंच करतोय, ते पण व्हिजिट चार्ज बिलातून काढला तर. दुसऱ्या गाडीला सध्या घेत नाही. तुम्ही घेणार असाल तर पैसे देण्याआधी एकच करा, त्याच्या माणसासमोर गाडी चालू करून, हँडब्रेक ओढून, एसी लावून दहा मिनिटं नुसती उभी ठेवा आणि मोबाइलवर काय येतं ते बघा.