आठ महिन्यांचा अनुभव: जीन ग्रे, चार जाड खंड आणि १,८९० रुपयांचं भांडण

गणपतीत जुन्या एक्स-मेन कॉमिक्सचे हे खंड घरी आले, आता एप्रिल संपत आलाय. भाचा म्हणाला, मामा, एवढं भांडलात तर लिहा तरी. म्हणून लिहितोय.

जीन ग्रे ही मार्व्हलच्या एक्स-मेन या अद्भुत शक्ती असलेल्यांच्या टोळीतली नायिका, त्याहून जास्त सांगत बसत नाही. सिनेमे तुम्ही पाहिले असतीलच. मला मात्र तिच्या पुढच्या, फिनिक्स या आगीच्या पक्ष्याच्या रूपात काडीचा रस नव्हता. मला हवी होती ती आधीची, नुसत्या मनाने वस्तू हलवणारी पोरगी. नवे खंड परवडण्यातले नाहीत, तेव्हा जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडून चार खंड नऊ हजारांना घेतले. हिशोब केला, अंक साधारण सत्तर रुपयांना पडला. बरं वाटलं.

भांडण तिसरा खंड उघडल्यावर झालं. पहिल्या दोन खंडांत १ ते ६६ अंक, आणि तिसरा सुरू होतो तो एका जाड विशेषांकाने आणि मग थेट ९४ पासून! जाहिरातीत 'पूर्ण संच' लिहिलेलं. म्हणजे २७ अंक गायब, सत्तरच्या भावाने १,८९० रुपये. विक्रेत्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "काका, ते अंक नाहीतच." मी म्हटलं, "अहो, नाहीतच म्हणजे? ६६ नंतर ९४ येतो होय? आम्ही काय शाळेत गेलो नाही?" दोन दिवस मेसेज चालले, ग्राहक मंचाची धमकीही देऊन झाली.

तिसऱ्या दिवशी भाच्याने डोळे उघडले. एक्स-मेनचा खप तेव्हा यथातथाच होता. मार्च १९७० च्या ६६व्या अंकानंतर नव्या गोष्टी बंद झाल्या. डिसेंबर १९७० पासून एप्रिल १९७५ पर्यंत, ६७ ते ९३, आकडे पुढे सरकत राहिले पण आत छापल्या त्या जुन्याच गोष्टी. शिळ्या कढीला ऊत, तोही जवळजवळ साडेचार वर्षं. खंडात त्या दुसऱ्यांदा कशाला छापतील? विक्रेत्याला माफीचा मेसेज केला. उत्तरात फक्त अंगठा आला. त्याचं नाव इथे घेत नाही, कारण चूक माझी होती.

आता माल कसा आहे ते. सप्टेंबर १९६३ चा पहिला अंक, लेखन स्टॅन ली, चित्रं जॅक कर्बी. जीन प्रोफेसर झेवियर यांच्या, अशा शक्तीच्या मुलांच्या शाळेत नवी येते, पोरं खिडकीशी गर्दी करतात. त्यांतला बीस्ट तिचा पापा घ्यायला पुढे होतो आणि ती त्याला जागच्या जागी हवेत उचलते. बोट लावत नाही, आवाज चढवत नाही. मी नऊ हजार मोजले ते या चौकटीसाठी. सुरुवातीला तिची ताकद बेताची आहे. हाताने जेवढं उचलेल, जवळपास तेवढंच मनाने. म्हणूनच मजा येते, कारण तिला डोकं लढवावं लागतं. तिसऱ्या अंकात प्रोफेसर झेवियर मनातल्या मनात या आपल्या विद्यार्थिनीवर प्रेम असल्याचं कबूल करतात. ते वाचून मी खंड मिटला आणि चहा टाकला. १९६८ मध्ये तिला टेलिपथीही, म्हणजे दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याची शक्ती, आली, प्रोफेसरांच्या कृपेने. मला ती तेव्हाही नको होती.

वापराबद्दल एक सूचना: खंड मांडीवर धरू नका, पाय बधिर होतो. मी आईच्या ज्ञानेश्वरीचं घडीचं व्यासपीठ वापरतो. बायको म्हणाली, आता रोज हळदकुंकूही वाहा.

तिसरा खंड म्हणजे १९७५ नंतरचा काळ. लेन वाइन आणि डेव्ह कॉक्रम यांनी नवी टोळी उभी केली. ९४व्या अंकात जीन घर सोडून जाते, पण नवा लेखक ख्रिस क्लेअरमाँट तिला लगेच परत खेचतो. १००व्या अंकात ती सौरवादळातून यान चालवते. १०१व्यात (ऑक्टोबर १९७६) यान न्यूयॉर्कच्या जमेका बेमध्ये कोसळतं आणि पाण्यातून ती फिनिक्स होऊन वर येते. इथे माझा रस आटायला लागला. जिला सगळंच उचलता येतं, तिला काहीच जड नाही. मग बघायचं काय?

पण चौथ्या खंडात १३२वा अंक आला आणि मी गप्प झालो. न्यू मेक्सिकोतल्या एका सुळक्यावर जीन आणि तिचा प्रियकर, टोळीतलाच स्कॉट, दोघं एकटे आहेत. स्कॉटच्या डोळ्यांतून सतत किरण सुटतात, त्यामुळे तो कधीच कोणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहू शकत नाही. जीन ते किरण मनाने आतल्या आत थोपवून धरते आणि त्याचा चष्मा काढते. चित्रकार जॉन बर्नने स्कॉटचे डोळे साध्या माणसाचे काढलेत. तारे विझवू शकणारी बाई इथे ताकद वापरते ती फक्त एक चष्मा उतरवायला. हे पान मी आठ महिन्यांत किती वेळा पाहिलं, मोजलेलं नाही.

तीनच अंकांनी, १३५व्यात, ती एक तारा गिळते आणि पाच अब्ज जीव जातात. मूळ बेत असा होता की शेवटी तिच्या शक्ती काढून घ्यायच्या आणि तिला जिवंत ठेवायचं. मुख्य संपादक जिम शूटर यांना ते पटलं नाही. एवढ्या हत्येला एवढीच शिक्षा? मग १३७व्या अंकात (सप्टेंबर १९८०) चंद्रावर ती स्वतःच मरण पत्करते. आधीचा शेवट १९८४ मध्ये वेगळा छापला गेला. दोन्ही वाचले, शूटर बरोबर होते.

इथे थांबलो असतो तर पाच तारे दिले असते. पण भाच्याच्या टॅबलेटवर पुढचं फुकट मिळत होतं, आणि फुकटचं सोडायची सवय नाही.

१९८६. जमेका बेच्या तळाशी एक कोष सापडतो. आत जीन, धडधाकट! म्हणे फिनिक्स ही जीन नव्हतीच, वैश्विक शक्तीने तिचं रूप घेतलं होतं, खरी जीन तळाशी झोपली होती. तेराव्याचं जेवण वाढून झालं आणि मेलेला माणूस दारात उभा, वर विचारतोय कोण गेलं? जुनी टोळी एक्स-फॅक्टर नावाच्या मालिकेत जमवायची होती. शूटर यांची अट होती की जीन परत येईल तर निर्दोष ठरून. कोषाची वाट काढली कर्ट ब्युसिकने, तीही तो लेखक म्हणून नावाजण्याआधी, चाहता असताना. कायद्याच्या दृष्टीने चोख, पण माझा एकच प्रश्न: मग चष्मा कोणी काढला? त्यात भर म्हणजे स्कॉटचं तोवर मॅडेलिन नावाच्या दुसऱ्या बाईशी लग्न झालेलं, मूल झालेलं. एक फोन आला आणि हा बायको-पोर टाकून निघाला. मी भाच्याला रात्री अकराला फोन करून ओरडलो. तो म्हणाला, "मामा, मी जन्मलोही नव्हतो हो!"

रागारागातच पुढे वाचत गेलो आणि मत हललं, हे प्रामाणिकपणे सांगतो. कोषातून आलेल्या जीनची टेलिपथी गेलेली आहे. पक्षी नाही, तारे नाहीत, उरली फक्त मनाने वस्तू हलवणारी बाई. म्हणजे मी ज्या गोष्टीसाठी पैसे मोजले होते तीच, आणि ती मला परत दिली त्या भिकार कोषाने! शिव्या देता देता मी डझनभर अंक संपवले. पुढे 'इन्फर्नो' नावाच्या कथानकात, १९८९ मध्ये, मॅडेलिन मरते आणि तिच्या व फिनिक्सच्या आठवणी जीनमध्ये येतात. चष्म्याचा हिशोब तिथे मिटला. पूर्ण नाही, पण रुपयातले बारा आणे तरी.

नंतरचं भराभर सांगतो. १९९४ मध्ये स्कॉटशी लग्न. २००४ मध्ये लेखक ग्रँट मॉरिसनच्या हातून पुन्हा मरण. २०१२ मध्ये भूतकाळातून तिचीच किशोरवयीन आवृत्ती आणली. स्वतःच्या नावाची पहिली नियमित मालिका मात्र थेट २०१७ मध्ये, तीही या किशोरीला! ५४ वर्षं वाट पाहायला लावली. सरकारी फाइलसुद्धा याहून लवकर सरकते. मोठी जीन त्यानंतर लगेच परत आली आणि २०१९ पासून काही काळ साठच्या दशकातला हिरवा झगा घालून फिरत होती.

टॅबलेट भाच्याने परत मागितलाय. एक्स-फॅक्टरचे खंड कागदावर हवेत म्हणून परवा त्याच विक्रेत्याला मेसेज केला. आहेत म्हणाला, भावही बरा सांगितला. मग पुढचा मेसेज आला: "काका, आधी आकडे नीट मोजून घ्या."