फुकटच्या ॲपमधली ‘पालक देखरेख’: वापरून पाहिली, पाचपैकी दीड

आधी कशाचा रिव्ह्यू ते सांगते. छोटे व्हिडिओ दाखवणारं एका परदेशी कंपनीचं ॲप आहे, आमचा नववीतला अथर्व त्यावर पडीक असतो. त्या ॲपात पालकांसाठी देखरेखीची सोय दिलीय, ती मी दिवाळीच्या सुट्टीपासून वापरतेय. कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर असली सगळी ॲपं एकाच माळेचे मणी, आणि दुकान सोडून वकिलाच्या नोटिशींना उत्तरं देत बसायला मला सवड नाही.

विट्यात आमचं मिक्सर, गीझर, पंखे यांचं सर्व्हिस सेंटर आहे. वाइंडिंग नवरा करतो, काउंटर माझ्याकडे. म्हणजे गिऱ्हाइकाची बोलणी मी खाते आणि वॉरंटी कार्डाच्या मागचा बारीक मजकूरही मीच वाचते. कंपनीचा माणूस जळालेला मिक्सर बघून पहिलं वाक्य काय बोलणार ते मला पाठ आहे: वापरणाऱ्याची चूक. कधी कधी असतेही. पण एकाच मॉडेलचे मिक्सर एकाच जागी जळून यायला लागले की आम्ही गिऱ्हाइकाकडे बघायचं सोडून मिक्सर उघडतो. फोनच्या बाबतीत मात्र ‘पोरांना वळणच नाही’ म्हटलं की सगळे गप्प. उघडून कुणी बघत नाही. म्हणून हा खटाटोप.

जोडणीपासूनच गंमत. देखरेख करायची तर आधी मलाच तिथं खातं काढावं लागलं. एका गिऱ्हाइकावर लक्ष ठेवायला कंपनीला दुसरं गिऱ्हाईक फुकटात मिळालं. अथर्वने कोड स्कॅन करून दिला आणि वर विचारलं, “मम्मी, आता तू पण व्हिडिओ टाकणार काय?” खातं काढल्या संध्याकाळपासून मला साडीच्या निऱ्यांचे आणि गीझरच्या स्फोटांचे व्हिडिओ यायला लागले. साड्यांचं एक वेळ समजू शकते.

जे चांगलं आहे ते चांगलं म्हणते. रात्रीचं कुलूप खरंच लागतं. दहानंतर सूचनांची टिणटिण बंद होते, सकाळपर्यंत येत नाही. अनोळखी माणसाचा मेसेज पोरापर्यंत पोचत नाही. आठवड्यात किती वेळ गेला त्याचा तक्ता येतो; तो बघून अथर्वचे पप्पा जेवताना बराच वेळ बोललेच नाहीत. दीड गुण दिलाय तो एवढ्यासाठी.

आता मुख्य वस्तू, म्हणजे वेळेची मर्यादा. मी तासाची लावली. तास भरला की व्हिडिओ थांबतो आणि पाटी येते. ही पाटी मी अथर्वच्या शेजारी बसून नीट बघितली. वर लिहिलेलं की आजची वेळ संपली. खाली ‘आणखी १५ मिनिटं मागा’ असं ठळक निळं बटण, बरोबर अंगठा जिथं टेकलेला असतो तिथं. ‘आजच्यापुरतं बंद करा’ हे वरच्या कोपऱ्यात, फिक्या राखाडी अक्षरांत. ते बटण आहे हेच आधी कळत नाही. आणि पाटीच्या मागे पुढच्या व्हिडिओचं पहिलं चित्र धूसर दिसत राहतं. शेव दाखवून ताट झाकायचा प्रकार.

पोरानं मागितलं की विनंती माझ्या फोनवर येते. मी काउंटरवर, समोर कुणीतरी फुटलेलं भांडं घेऊन उभं, हातात बिलबुक. ‘होय’ म्हणायला एकदा बोट टेकलं की झालं. ‘नाही’ म्हणायला गेलं की पुढचं पान उघडतं आणि कारण निवडायला सांगतं. अभ्यास, झोप, जेवण, इतर. गर्दीच्या वेळी कुठली बाई कारण निवडत बसेल? हे ज्यानं बांधलं त्याला दुकानातली दुपार चांगली माहीत आहे.

आमच्या मिक्सरच्या तळाला एक लाल बटण असतं, ओव्हरलोडचं. डाळ जास्त भरली, मोटार तापली, की ते खटकन सुटतं आणि मिक्सर बंद पडतो. ‘आणखी १५ मिनिटं वाटू का’ असं विचारत नाही. भांडं काढा, मिक्सर उलटा करा, बटण हातानं दाबा, मगच चालणार. हे बटण गिऱ्हाइकाला वळण लावायला दिलेलं नाही. मोटार तापणार हे बनवणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून दिलेलं आहे.

पुढचं व्यंग जन्मसालाचं. खातं काढताना साल विचारतात, पुरावा मागत नाहीत. अथर्वच्या वर्गातली निम्मी पोरं त्या ॲपावर कॉलेज संपवून बसलीत. देखरेखीतलं खातं कंटाळवाणं झालं की दुसरं काढायचं, ते मला दिसतच नाही. आत्येभावानं त्याला हा मार्ग माझ्यासमोर समजावून सांगितला, तोही जेवताना.

हे सगळं माझं घरगुती गाऱ्हाणं वाटेल. पण अमेरिकेत नेमक्या याच गोष्टींवरून कोर्टकचेऱ्या चालल्या आहेत, आणि ते वाचायला लागल्यावर माझी झोप उडाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ३३ राज्यांनी मिळून मेटावर, म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या मालकावर, फेडरल कोर्टात दावा लावला. शाळा आणि पालकांचे दावे आधीपासून होतेच. त्यात टिकटॉक, स्नॅपचॅट आणि यूट्यूबही आहेत. कंपन्यांची ढाल १९९६ च्या कायद्यातलं कलम २३०. दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराची जबाबदारी आमची नाही, असं ते सांगतं. पालकांचे वकील म्हणाले, मजकुराचं सोडा, तुमच्या यंत्राच्या बांधणीबद्दल बोला.

ओकलंडच्या न्यायाधीश इव्होन गोन्झालेझ रॉजर्स यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये जे केलं ते आमच्या वर्कशॉपमध्ये करतात तसं वाटलं. सरसकट दावा काढला नाही, सरसकट ठेवलाही नाही. एकेक पार्ट टेबलावर मांडून तपासला. न संपणारी व्हिडिओंची रांग कलम २३० च्या आड गेली. पण पालकांच्या नियंत्रणाची धड सोय नसणं, वय तपासण्याची नीट पद्धत नसणं, खातं बंद करणं मुद्दाम अवघड ठेवणं, यांवरचे दावे पुढे चालू ठेवले. म्हणजे मी ज्या सोयीला दीड गुण देतेय ती तिकडे दाव्याचा विषय आहे. (रांग सुटली याचं मला वाईट वाटलं. खरी मोटार तीच.)

अशाच दाव्यांवर लॉस एंजेलिसच्या न्यायाधीश कॅरोलिन कूल यांनी महिनाभर आधी वेगळा रस्ता धरला होता. सदोष उत्पादनाचा दावा त्यांनी काढून टाकला, पण निष्काळजीपणाचा ठेवला. २०२६ च्या सुरुवातीला तिथं एका तरुणीचा खटला ज्यूरीसमोर आला, तेव्हा स्नॅप आणि टिकटॉकनं आधीच तडजोड करून अंग काढून घेतलं होतं. ज्यूरीपुढे उभे राहिले ते मेटा आणि यूट्यूब.

निष्काळजीपणा म्हटलं की प्रश्न एकच उरतो: ठाऊक होतं का? २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन या फेसबुकच्याच माजी कर्मचारी बाईंनी फेसबुकची आतली कागदपत्रं बाहेर काढली. त्यात कंपनीच्याच २०१९ च्या सादरीकरणातलं वाक्य होतं की दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीच्या मनातली स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी आपण वाढवतो. कंपनीचं म्हणणं, वाक्य संदर्भ तोडून वापरलं. असेल. पण आमच्याकडे एखाद्या मॉडेलबद्दल असा कागद निघाला असता तर पुढच्या सोमवारी तो माल परत मागवला गेला असता.

मग मी विचार केला, हे विट्यात बसून आपल्याला करता येईल का? ग्राहक कायदा मला नवा नाही. २०१९ च्या कायद्यात सदोष वस्तूची जबाबदारी बनवणाऱ्यावर, विकणाऱ्यावर, अगदी दुरुस्ती करणाऱ्यावरही टाकलीय. आमच्यासारख्या सर्व्हिसवाल्यांनाही पक्षकार करता येतं. म्हणजे चारशे रुपये घेऊन कार्बन ब्रश बदलणाऱ्या आमच्यावर जिल्हा ग्राहक आयोगात केस होऊ शकते. आणि ॲपवाल्यांचं? त्याच कायद्यात सेवेची व्याख्या करताना फुकट दिलेली सेवा वगळलेली आहे. पैसे दिले नाहीत, म्हणजे आपण ग्राहक नाही. अथर्वनं रोज तासावर तास दिले, त्याची पावती कुणी फाडत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये तेरा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची बंदी घाला अशी याचिका सुप्रीम कोर्टात गेली होती. हा धोरणाचा विषय, सरकारकडे जा, असं सांगून कोर्टानं ती परत पाठवली. आशा आहे ती २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याची. त्यात अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे, आणि दंड २०० कोटींपर्यंत जातो. नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची सवलत. तोवर अथर्वची दहावी उरकलेली असेल. ऑस्ट्रेलियानं तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांची खातीच बंद करायला लावली, आणि नियम मोडला तर दंड पोराला किंवा आईबापाला नाही, कंपनीला. बंदी मला तितकीशी पटत नाही, दंडाचा पत्ता मात्र पटतो.

आमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गाव टीव्ही-मोबाइल बंद ठेवतं. सुरुवातीला लोक हसले. मग अंगणवाडी आणि आशा सेविका, ग्रामपंचायतीची माणसं, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. या भोंग्याला मी पाचपैकी साडेचार देईन, त्यात ‘आणखी १५ मिनिटं’ नाही. अर्धा गुण कापला तो गावाचा नव्हे. जे काम कंपनीला बसल्या जागी एका बदलात करता येतं, त्यासाठी अख्ख्या गावानं चपला झिजवायच्या, याचा कापला.

तक्रारीची सोय वापरल्याशिवाय रिव्ह्यू पुरा होत नाही, म्हणून तीही वापरली. आपल्या नियमांप्रमाणे असल्या कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो, २४ तासांत पोच आणि ७ दिवसांत निकाल द्यावा लागतो. फॉर्म भरायला बसले तर पहिलाच रकाना: कोणत्या पोस्टबद्दल तक्रार आहे तिची लिंक द्या. लिंक टाकल्याशिवाय पुढचं पान येईना. माझी तक्रार कुठल्याच पोस्टबद्दल नव्हती. त्या निळ्या बटणाबद्दल होती, मागच्या धूसर चित्राबद्दल होती. अथर्व बाजूलाच होता. म्हणाला, “ॲपच्या डाउनलोडच्या पानाचीच लिंक टाक की.” टाकली, आणि खाली सगळं सविस्तर मराठीत लिहिलं.

पोच वेळेत आली. उत्तरही मुदतीच्या आत आलं: तुम्ही कळवलेला मजकूर आम्ही तपासला, त्यात आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.

यावर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या अपील समितीकडे जाता येतं. अर्ज ऑनलाइन आहे, तो भरतेय. पाटीचा फोटो जोडणार आहे, दोन्ही बटणांभोवती लाल पेनानं गोल करून.