उशाजवळचा रिमोटवाला अलार्म रेडिओ : शोधाशोध आणि नंतरचे काही महिने

आधी निकाल सांगते, मग बाकीचं पुराण. घरात अंथरुणातून चटकन उठता न येणारं माणूस असेल आणि त्या माणसाला रेडिओचं वेड असेल, तर रिमोटवाला अलार्म रेडिओ जरूर घ्या. बाकीच्यांनी साधा घ्यावा. पैसेही वाचतील आणि पुढचा वैतागही.

आमच्याकडे तो आला सासूबाईंसाठी. वय ऐंशीच्या पुढे, खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेलं, आणि अंग पिळवटून कडेला हात लांबवायला डॉक्टरांची सक्त मनाई. म्हणजे रेडिओ उशाशी ठेवूनही उपयोग शून्य. पहाटे कोणीतरी येऊन लावायचा, रात्री कोणीतरी येऊन बंद करायचा. त्यांना ते अजिबात सोसत नव्हतं. "अगं, रेडिओ लावायलासुद्धा माणूस लागावं म्हणजे काय!"

फोनवर ऐका, असा सल्ला सगळ्यांनी दिला. पण फोनमधल्या एफएमला इअरफोनची वायर जोडावी लागते, कारण तीच त्याची एरियल असते, आणि हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये एफएम दिलेलंच नसतं. आकाशवाणीचं ॲप आहे आणि ते चांगलं चालतं, पण चष्मा शोधा, फोन उघडा, ॲप उघडा, केंद्र शोधा हे सगळं झोपल्या झोपल्या जमण्यातलं नाही. आवाजाच्या हुकमावर चालणारा स्पीकरही सुचवून पाहिला. "माझ्या खोलीत सतत कान लावून बसलेलं यंत्र नको," असं उत्तर आलं आणि विषय संपला.

मग शोध सुरू झाला. पुण्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाचा परिसर पालथा घालायचा असतो, तसा घातला. "रिमोटवाला रेडिओ? काकू, ब्लूटूथ स्पीकर न्या, त्यात एफएम आहे," हे जवळजवळ प्रत्येक दुकानात ऐकलं. भजनांनी भरलेले डबे आहेत, पेन ड्राइव्हवर चालणारे आहेत, त्यातल्या काहींना रिमोटही आहे, पण गजर नाही. गजर आहे तिथे रिमोट नाही. आणि दोन्ही जिथे आहे तिथे मीडियम वेव्ह, म्हणजे जुना एएम पट्टा, नाही! आमचा गाडा नेमका तिथेच अडत होता.

मीडियम वेव्ह कशाला हवं, असं दुकानदार विचारायचे. कारण सासूबाईंचा दिवस आकाशवाणीच्या पुणे केंद्राने उजाडतो, आणि ते केंद्र 792 किलोहर्ट्झवर, म्हणजे मीडियम वेव्हवर लागतं. सकाळी 7.10 च्या प्रादेशिक बातम्या चुकल्या तर चहा गोड लागत नाही. खासगी एफएम वाहिन्यांना आजवर स्वतःच्या बातम्या देऊ दिलेल्या नाहीत, त्यामुळे तिथे गाणी आणि बडबड भरपूर, बातम्यांच्या नावाने शंख. एफएमवर त्यांना लागते ती फक्त विविध भारती, 101 मेगाहर्ट्झ, आणि तीसुद्धा मुख्यतः रात्री.

मध्येच न्यू जर्सीच्या भाच्याने मोठ्या प्रेमाने तिकडचा एक सेट पाठवला. दिसायला देखणा, रिमोट सुबक, आणि त्याच्यासोबत 110 व्होल्टसाठी ट्रान्सफॉर्मरही. रात्री दहाला वेळ लावून झोपलो. सकाळी सहाला पाहतो तर घड्याळात 4.40! ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, पण विजेची वारंवारता बदलत नाही. अमेरिकेत ती 60 हर्ट्झ, आपल्याकडे 50. ते घड्याळ विजेची आवर्तनं मोजून चालणारं होतं. साठ मोजली की त्याचा एक सेकंद व्हायचा, आणि आपल्याकडे साठ व्हायला 1.2 सेकंद लागतात. म्हणजे तासाला दहा मिनिटं मागे, अगदी शिस्तीत.

बरं, घड्याळ मेलं तर मेलं, निदान रेडिओ तरी? त्यातही मेख होती. तिकडची एफएम स्टेशनं 100.9, 101.1 अशी विषम आकड्यांवर असतात, आणि तो सेट त्याच पायऱ्यांवर उड्या मारायचा. आपली 101 नेमकी मधे. लागायची, पण घसा बसल्यासारखी. मीडियम वेव्हवरही तेच. अमेरिकेत दर 10 किलोहर्ट्झवर स्टेशन, आपल्याकडे दर 9 वर. त्यामुळे 790 होतं, 800 होतं, 792 नव्हतं. काही सेटच्या मागे 9 आणि 10 असा खटका असतो, तो याच्यात नव्हता. परदेशातून मागवणार असाल तर एवढं तरी आधी विचारून घ्या. 'ड्युअल व्होल्टेज' हे शब्द पाहून हुरळून जाऊ नका.

(बोसचा जुना वेव्ह रेडिओ घ्या, असं एका स्नेह्यांनी सुचवलं होतं. 1993 च्या सुमाराचं ते प्रकरण, क्रेडिट कार्डाएवढ्या रिमोटसकट. आवाजाला तोड नाही हे मान्य, पण आम्हाला बातम्या ऐकायच्या होत्या, मैफल भरवायची नव्हती.)

शेवटी जो मिळाला तो कुठल्या तरी कमी ओळखीच्या कंपनीचा, अडीच हजारांच्या आसपास. एफएम, मीडियम वेव्ह, दोन गजर, स्लीप टायमर (ठरावीक वेळाने रेडिओ आपोआप बंद करणारा), रिमोट. घड्याळ क्वार्ट्झचं, म्हणजे सेकंदाला 32,768 वेळा थरथरणाऱ्या स्फटिकावर चालणारं. विजेच्या आवर्तनांशी त्याचा संबंध नाही, आणि वेळ आजतागायत नीट आहे. दिवाळीच्या आधी आणला, आता पावसाळा तोंडावर आलाय.

रिमोटबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण खरेदी त्याच्यासाठीच होती. तो पत्त्याएवढा चपटा आहे, आत बटण सेल, आणि बटणं म्हणजे प्लास्टिकच्या कातडीखालचे फुगवटे. सगळी एकाच आकाराची, सगळी काळी, वर मुंगीच्या पावलांएवढी इंग्रजी अक्षरं. अंधारात चाचपून 'बंद' कुठलं आणि 'आवाज कमी' कुठलं हे कळणं अशक्य. यावर उपाय सासूबाईंनीच काढला. "माझ्या टिकल्यांचं पाकीट आण." चालू-बंदवर मोठी मखमली टिकली, आवाज वाढवण्यावर मधली, कमी करण्यावर अगदी बारीक. एक नंबरच्या बटणावर, म्हणजे पुणे केंद्रावर, खड्याची. आता दिवा न लावता बोटाने सगळं कळतं. टिकल्या घामाने निघतात, मग नवीन लावायच्या. पाकीट दहा रुपयांचं. ज्याने हे यंत्र बनवलं त्याला हे सुचायला काय हरकत होती? शिवाय रिमोट सारखा पलंगाखाली जायचा, म्हणून त्याला परकराची नाडी चिकटवून पलंगाच्या कठड्याला बांधलाय.

स्टेशनं साठवता येतात आणि रिमोटवरच्या आकड्यांनी थेट लागतात, हे फार महत्त्वाचं. ज्या रिमोटवर नुसते पुढे-मागे जाणारे बाण असतात, ते घेऊ नका. म्हातारं माणूस एकदा भलत्या स्टेशनावर गेलं की परत येत नाही, मग हाका सुरू होतात. आमच्या सेटमध्ये गजराची वेळ मात्र रिमोटवरून बदलता येत नाही, ती सेटवरच्या बटणांनीच. हे डब्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. आम्हाला चाललं, कारण त्यांची वेळ बदलतच नाही. तुमच्याकडे बदलत असेल तर दुकानातच करून पाहा.

दिवाळीत एक गंमत झाली. खिडकीला लावलेल्या रंगीत एलईडी माळेचा रिमोट दाबला की रेडिओ बंद! नातवाला खेळच मिळाला. अशा स्वस्त रिमोटमधून जो अदृश्य इशारा जातो त्यात आधी यंत्राची ओळख असते, मग हुकूम. हे स्वस्त कारखानदार ओळखीचा आकडा वेगळा ठेवायची तसदी घेत नाहीत, त्यामुळे एकाचा निरोप दुसराच ऐकतो. माळ उतरली, प्रश्न मिटला. पण खोलीत आणखी कशाकशाचे रिमोट असतील तर हेही तपासा. आणि रिमोट मेलाय की सेट, हे कळत नसेल तर फोनचा सेल्फी कॅमेरा उघडून त्यासमोर बटण दाबा. पुढचा बारका दिवा जांभळट चमकताना दिसला तर रिमोट जिवंत आहे.

खरी डोकेफोड मीडियम वेव्हने केली. एफएमसाठी मागे लोंबणारी वायर असते, ती ताणून भिंतीला चिकटवली की झालं. मीडियम वेव्हची एरियल मात्र सेटच्या पोटात असते, तारेचं वेटोळं गुंडाळलेली फेराइटची कांडी. ती कांडीच्या आडव्या दोन्ही बाजूंनी चांगलं ऐकते, टोकांच्या दिशेने जवळजवळ बहिरी. त्यामुळे स्टेशन साफ यायला अख्खा सेट फिरवावा लागतो. आमच्या खोलीत 792 सर्वात छान कधी यायचं? सेट काटकोनात वळवून त्याचं तोंड बाजूच्या भिंतीकडे केलं की! म्हणजे आकडे भिंतीला दिसणार, आणि रिमोटचा डोळाही भिंतीकडेच. बातम्या स्वच्छ हव्यात की रिमोट चालायला हवा, एक काहीतरी निवडा. आठवडाभर आम्ही तो सेट अंशाअंशाने फिरवत होतो. पांढऱ्या भिंतीवर आपटून रिमोटचे किरण कधीकधी पोचायचे, कधी नाही. अखेर टेबलच पलंगाच्या दुसऱ्या बाजूला नेलं, तेव्हा दोन्ही साधलं.

त्यातच अधूनमधून घर्रर्र असा आवाज. तो निघाला उशाशी लावलेल्या मोबाइल चार्जरचा. चार्जर समोरच्या भिंतीवर हलवला, बराच फरक पडला. स्वस्त एलईडी बल्बही हाच उपद्व्याप करतात. तेव्हा सेट खराब म्हणून परत करायला धावण्याआधी खोलीतली एकेक वस्तू बंद करून पाहा.

दोन गजर असण्याचा उपयोग असा. त्यांची थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते, त्यानंतर अर्धा तास चहा नाही. म्हणून पहिला गजर साडेपाचचा, गोळीसाठी. तोही आधी रेडिओवरच लावला होता, पण त्या वेळी पुणे केंद्र सुरूच झालेलं नसतं. अंधारात एकदम मोठ्याने खरखर सुरू झाली आणि मी दुसऱ्या खोलीतून धावत आले. आता साडेपाचला बीप आणि सहाच्या जरा आधी रेडिओ. आकाशवाणीची ती ओळखीची संकेतधून, मग वंदे मातरम्. 1936 साली वॉल्टर कॉफमन नावाच्या संगीतकाराने ती संकेतधून शिवरंजनीवर बांधली, असं नातवाने वाचून दाखवलं तर सासूबाईंचा विश्वास बसेना. "शिवरंजनी आणि साहेबाने?" त्यानंतर दोन दिवस त्या कान देऊन ऐकत होत्या. खातरी पटली असावी, कारण पुढे वाद घातला नाही.

रात्री दहाला छायागीत, त्यासाठी स्लीप टायमर. नव्वद, साठ, तीस, पंधरा मिनिटं असे टप्पे आहेत, त्या तीसवर ठेवतात. हे बटण रिमोटवर आहे आणि मला विचाराल तर गजरापेक्षा याचाच उपयोग जास्त. रेडिओ रात्रभर चालू राहणं बंद झालं.

आकड्यांचा उजेड लाल आहे, ते बरं झालं. एका दुकानात निळे आकडे पाहिले होते, त्यात अख्खी खोली उजळत होती. उजेड कमी करायचं बटण याला आहे, पण सर्वात कमीसुद्धा मला जास्तच वाटतो. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना तो हवासा वाटतो, तेव्हा माझं मत गौण.

आता लाइट. सेटमध्ये बटण सेल आहे, त्यामुळे लाइट गेले तरी वेळ आणि साठवलेली स्टेशनं शाबूत राहतात. पण गजर वाजत नाही! नुसती वेळ आठवणीत ठेवून सेट गप्प बसतो. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जातात ते दिवसा, त्याचं काही नाही. पण मे महिन्यात वळवाच्या पावसात रात्री गेलेले लाइट सकाळी आले आणि गोळी राहिली. सेट पाच व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालतो, म्हणून मधे पॉवर बँक लावून पाहिली. नुसतं घड्याळ चालू असताना सेट इतकी कमी वीज खातो, की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि ती थोड्या वेळात आपली आपण बंद होते. शेवटी वायरमनला बोलावून उशाशी इन्व्हर्टरचा पॉइंट काढून घेतला. आता गजर वाजतो. इन्व्हर्टर चालू असताना मीडियम वेव्हवर गुणगुण येते, पण तेवढं चालवून घेतो.

आवाजाबद्दल फार काही नाही. माणसाचं बोलणं स्पष्ट, गाण्यांना खर्ज नाही. ब्लूटूथ आहे म्हणे, वापरलेलं नाही.

टिकेल किती, हा प्रश्न उरतो. सेटला काही झालेलं नाही, पण रिमोटवरचं चालू-बंद बटण आता दोनदा दाबावं लागतं, खालची कातडी सैल झाली असावी. सुटा रिमोट मिळतो का, म्हणून दुकानात गेले, तर "रिमोट वेगळा येत नाही, काकू" असं ऐकवलं. दुसऱ्या रिमोटच्या खुणा शिकून घेणारे, 'लर्निंग' म्हणवणारे रिमोट मिळतात. तसला एक आणलाय आणि जुना पुरता मरायच्या आत त्याला सगळी बटणं शिकवून ठेवली आहेत. बटणं मोठी आहेत, उठावदार आहेत. तरी सासूबाईंनी तो हातात घेऊन पाहिला आणि पहिला प्रश्न केला, "यावर टिकल्या कुठे आहेत?"